हाताची घडी

कुंदाबाई म्हणजे जामनेरच्या शाळेतल्या शिस्तीच्या बाई. त्यांच्या दुसरीच्या वर्गातली सरला मात्र बसल्या जागी डुलायची, पाखरासारखे हात फडफडवायची. १९९२च्या जूनमध्ये हेडमास्तरांनी कुंदाबाईंपुढे सुतळी टाकली. "पोरीचे हात बांधा. वळण लागेल."

कुंदाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लहानपणी फैजपूरला त्यांचेही हात असेच फडफडायचे.

"माझेही बांधले होते, सर."

"मग बघा, किती शहाण्या झालात."

"शहाणी कसली? भित्री झाले. दिवसभर हाताची घडी घालून दंडात नखं रुतवते आणि घरी मोरीचं दार लावून हात झटकते. सुतळी आणलीत, पण हात का हलवते हे त्या पोरीला विचारलंत?"

सुतळी खिडकीबाहेर भिरकावून कुंदाबाई तणतणत वर्गात गेल्या आणि सवयीने घडी घालून सरलाजवळ बसल्या.

"हात हलवल्यावर कसं वाटतं गं?"

"बरं वाटते. डोक्यातला कल्ला कमी होतो." सरला त्यांच्या दंडांवरचे नखांचे वण बघत राहिली. मग तिने विचारलं, "तुमचे हात कोनं बांधले, बाई?"