गदेचा शनिवार

औशात आमच्या घरासमोर सायकलचं दुकान चालवणारा पैलवान जुन्या जिल्ह्याचा केसरी होता. किताबाच्या लाकडी गदेला तो दर शनिवारी तेल चोळायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. दुष्काळात अंघोळीला पाणी नव्हतं, पण गदेला तेल होतं.

मग त्या जुन्या जिल्ह्यातून फुटून लातूर वेगळा जिल्हा झाला. नव्या केसरीची कुस्ती झाली, पण गदा अजून घडायचीच होती. तेव्हा ह्यानं हसत हसत आपलीच गदा जिंकलेल्या देवणीच्या गड्याच्या खांद्यावर ठेवली. मैदान नाचलं. मला वाटलं, आता ह्याच्या शनिवारचं काय?

शनिवारी तो तेलाची बाटली घेऊन देवणीच्या एसटीत चढत होता.

“पैलवान, कुठं?”

“गदेला तेल चोळाया! गडी कुस्तीत लई भारी हाय, पण तेल चोळणं त्याला कुठं येतंय?”