चपलांच्या कपाटाखालचं कासव

गेले पाच रविवार मी तुमच्याशी खोटं बोलते आहे. व्हिडिओ कॉलवर तुम्ही कासव दाखव म्हणता आणि मी सांगते की ते चपलांच्या कपाटाखाली झोपलंय. ते तिथे झोपलेलं नाही. ते आता आपल्या घरातच नाही. मागच्या रविवारी तुमच्यातल्या मोठीने विचारलं, "आजी, ते आम्ही फोन केला की बरोबर कसं झोपतं?" आणि मी नेटवर्क गेल्याचं नाटक करून फोन ठेवला. दर आठवड्याला नवीन कारण शोधण्याइतकी कल्पनाशक्ती मला देवाने दिलेली नाही. म्हणून सगळं क्रमाने लिहून पाठवते. नाव कुणाचंच लिहीत नाही, कारण या हकिगतीत एक गुन्हा आहे आणि गुन्हेगार तुमचे आजी-आजोबा आहेत.

कासव घरात आलं तेव्हा तुमचा बाबा शाळेत होता. आजोबांच्या ऑफिसात एक गृहस्थ जेवणाच्या सुट्टीत लोकांच्या पत्रिका बघायचे. त्यांनी सांगितलं, घरात जिवंत कासव ठेवा, त्याचं तोंड उत्तरेला राहू द्या, प्रमोशन कुठे जात नाही. कासवाला उत्तर दिशा कशी समजावायची ते त्यांनी सांगितलं नाही. आजोबा मुंबईच्या बाजारातून कासव घेऊन आले ते थेट जेवणाच्या डब्यातून. वरच्या कप्प्यात उरलेली भेंडी, खालच्यात ते. प्रमोशन पुढे त्या पत्रिकावाल्यांनाच मिळालं. त्यांच्या घरी कासव नव्हतं.

कासव मात्र राहिलं. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या, म्हणून सगळे त्याला स्टार कासव म्हणतात. आम्ही मुंबईतली खोली सोडून विरार पूर्वेला चंदनसारला फ्लॅट घेतला तेव्हा ते टेम्पोत पुढे, ड्रायव्हरशेजारी, आजोबांच्या मांडीवर बसून आलं. मी मागे सामानात बसले होते. रिटायर झाल्यावर आजोबा रोज सकाळी त्याला पेपरातला अग्रलेख वाचून दाखवायचे. मध्येच उठून न जाणारा श्रोता त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळाला होता. अग्रलेख संपला की दुधात कुस्करलेली चपाती. तुम्ही सुट्टीत आलात की फरशीवर पालथं पडून त्याला भरवायचात, ते हेच.

आता माझा भाग. नोकरीतून सुटल्यावर मला दोन मार्ग खुले होते, सोसायटीचं भजनी मंडळ किंवा सकाळचा हास्यक्लब. कारण नसताना मला हसता येत नाही आणि गाता तर कारण असूनही येत नाही. तेवढ्यात कळलं की वसईतल्या एका निसर्ग क्लबाला इंग्रजीत अर्ज लिहून देणारं कुणीतरी हवं आहे. मी आयुष्यभर साहेबांची पत्रं लिहिली होती. 'विथ ड्यू रिस्पेक्ट' असं लिहून समोरच्याचा पाणउतारा कसा करायचा, हे माझ्याइतकं फार थोड्यांना जमत असेल.

क्लब म्हणजे वीसेक माणसं. त्यांचे प्रमुख खाडीकाठच्या शेतकरी घरातले. वडिलांची भातशेती होती. हे स्वतः बांधकामाचं सामान विकतात. आठवडाभर सिमेंट विकायचं आणि रविवारी सिमेंटमुळे कुठलं तळं गेलं ते बघत फिरायचं, असा त्यांचा दिनक्रम. हे मी त्यांना एकदा तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "म्हनून तर मला आधी कलतं ना काकी, कुठल्या तल्यात भरनी चाललीय ते." तेव्हापासून आमचं जमलं. बाकीच्यांबद्दल काय सांगू? चिखलातल्या एका ठिपक्याकडे पक्षी समजून दुर्बिणीतून तासभर बघायचं आणि तो दगड निघाला तरी समाधानाने घरी जायचं, अशी मंडळी. पावसाळ्यात चिंचोटीला धबधब्याच्या वाटेवर उभं राहून लोकांना बाटल्या फेकू नका म्हणायचं, मग त्यांनी फेकलेल्या बाटल्या उचलायच्या. मी तिथे छत्री घेऊन उभी असायचे. मला बघून लोक बाटल्या खिशात घालायचे, असं प्रमुखांचं म्हणणं.

क्लबाने घराघरात कोंडलेली कासवं सोडवायची ठरवलं, तेव्हा पत्रक माझ्याकडे आलं. स्टार कासव धोक्यात आलेली जात आहे, ते विकत घेणं आणि पाळणं गुन्हा आहे, असं त्यात लिहायचं होतं. मूळ मसुद्यात 'गुन्हा ठरू शकतो' असं होतं. मला असली गुळमुळीत भाषा खपत नाही. मी ते खोडून 'गुन्हा आहे' केलं. घरी आले, चपला काढल्या, आणि गुन्हा माझ्या अंगठ्यावर चढला.

मी आजोबांना पत्रक वाचून दाखवलं. ते म्हणाले, "छान लिहिलंयस," आणि कासवाला चपाती घालायला गेले.

पुढचे काही महिने मी अतिशय शिस्तीने दुटप्पी वागले. एकदा प्रमुख अर्जावर सही करायला घरी आले. मी कासव बाथरूममध्ये बादलीत ठेवून दार लावलं. चहा होईपर्यंत आतून खरवडल्याचा आवाज येत राहिला. मी म्हटलं, प्लंबर आलाय. त्यांनी चहा संपवला, सही केली आणि दारात चपला घालता घालता म्हणाले, "काकी, रविवारचा पलंबर मिलाला? नशीबवान हाव." एवढं म्हणून ते जिना उतरले. मला वाटलं, सुटले.

मग मनवेलपाड्यात एका हॉलमध्ये कासवं जमा करायचा दिवस ठरला. वनखात्याचा एक माणूस बसणार, क्लबाची प्राण्यांची डॉक्टर तपासणार, आणि आणणाऱ्याचं नाव कुणी विचारणार नाही, अशी व्यवस्था. फॉर्म मी तयार केला. कासवाचं वजन, किती वर्षं घरात, काय खायला दिलं, शेरा. टेबलाशीही मीच बसले.

लोक कसकसे येत होते ते बघण्यासारखं होतं. कुणी डब्यात, कुणी प्रसादाच्या पिशवीत, एका काकांनी तर शाल गुंडाळून आणलं होतं, जणू बाळंतिणीलाच घेऊन निघालेत. एका पाठीवर ऑइलपेंटने स्वस्तिक काढलेलं. एकाने पितळेचं आणलं, ताम्हनात बसवलेलं, आणि हेही गुन्ह्यात येतं का म्हणून विचारलं. डॉक्टर मुलगी वयाने तुमच्या आत्याएवढी, पण जिभेने थेट माझ्यावर गेलेली. प्रत्येकाला विचारायची, हे गवत खाणारं जनावर आहे, याला चपाती आणि दूध कुणी सांगितलं? पाठीला ही टेंगळं त्यामुळेच आली. मी मान खाली घालून लिहीत होते. चपाती, दूध. चपाती, दूध. आमच्या कासवाच्या पाठीला टेंगळं होती. आम्हाला ती नक्षी वाटायची.

दुपारी चाळीतली एक बाई आली. कासव ओच्यात झाकलेलं, पाठीवर हळदीकुंकू. तिने ते टेबलावर ठेवलं, पण हात काढेना. म्हणाली, माझं मूल वाचलं ते हे घरात आल्यावर. मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "ताई, खरं सांगा. तुमच्या घरात असतं तर तुम्ही दिलं असतं?"

मी तिला म्हटलं, "दिलं असतं."

ऑफिसात साहेब मीटिंगमध्ये आहेत असं सांगायचे, त्याच आवाजात. तिने हात काढला. पदराने डोळे पुसले आणि मागे न बघता गेली. पलीकडे उभे असलेले प्रमुख माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघत होते. तेव्हा मला कळलं की त्यांना प्लंबरचं सगळं माहीत आहे.

घरी येऊन मी आजोबांना सांगितलं की पुढच्या वेळी आपलं कासव द्यायचं.

"आपलं नाही, माझं," ते म्हणाले. "तुला ते कधीच आवडलं नाही. तुझ्या फरशीवर डाग पडतात."

"अहो, प्रश्न फरशीचा नाही."

"मग तुझ्या क्लबातल्या अब्रूचा आहे. दे राजीनामा."

मी राजीनामा लिहायला बसले. तीनदा लिहिला. इतकं वाईट इंग्रजी मी जन्मात लिहिलं नव्हतं. शेवटी कागद फाडले आणि जेवायला बसल्यावर डॉक्टरने दिवसभर लोकांना जे जे ऐकवलं ते मी आजोबांना ऐकवलं. त्यात एक गोष्ट अशी होती की गुळगुळीत फरशीवर या जनावरांचे मागचे पाय पसरतात, त्यांना धड उभंही राहता येत नाही.  आजोबा आमटी भुरकत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजा आटपून बाहेर आले, तर हॉलमध्ये घरातली सगळी पायपुसणी एकापुढे एक मांडलेली. तुम्हाला माहीत आहे, माझ्या घरात प्रत्येक दाराचं पायपुसणं ठरलेलं आहे. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आजोबांनी हाताने थांबवलं. त्यांनी कासव पहिल्या पायपुसण्यावर ठेवलं होतं. ते थोडा वेळ नुसतंच बसून राहिलं. मग त्याने चारही पाय रोवले, पोट वर उचललं आणि चालायला लागलं. फरशीवर ते पोहल्यासारखं सरकायचं, एक रेटा द्यायचं आणि थांबायचं. आता ते सरळ, ताठ, बऱ्यापैकी घाईत निघालं. बाथरूमचं, स्वयंपाकघराचं, गॅलरीचं पायपुसणं ओलांडलं. शेवटचं संपलं आणि फरशी आली, तिथे एक पाय पुढे टाकून ते थांबलं आणि पाय मागे घेतला.

इतकी वर्षं आम्ही त्याला आळशी म्हणत होतो. ते घसरत होतं.

आजोबा खाली फरशीवर बसले होते. उठताना त्यांना माझ्या हाताचा आधार लागला. उठून म्हणाले, "पुढचा दिवस कधी आहे?"

तो दोन रविवारांनी होता. मला टेबलाशी बसायचं होतं म्हणून मी लवकर गेले. आजोबा नंतर रिक्षाने आले, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात खोका. मी हाक मारली तर ऐकू न आल्यासारखं केलं आणि जाऊन रांगेत शेवटी उभे राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "इथे नाव विचारत नाहीत ना, बाई?"

"नाही विचारत," मी म्हटलं. "किती वर्षं घरात होतं?"

"मुलगा दहावीत होता तेव्हापासून. तुम्हीच वर्षं काढा."

"खायला काय दिलंत?"

"चपाती," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "दूध. साईसकट."

डॉक्टर मुलीने खोका उघडला, कासव उलटंसुलटं करून बघितलं आणि त्यांना जे झापलं ते मी इथे लिहीत नाही. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट मी प्रथमच बघत होते. तिचं संपल्यावर त्यांनी प्रमुखांना विचारलं, मधून मधून बघायला येता येईल का?

प्रमुख खाली वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "नाय काका. आधी वनखात्याच्या सेंटरात तपासनी, मग बरं झालं तर त्याच्या मुलखात, कोरड्या माळावर सोडतील. मानसाची सवय जायला पायजे त्याची. तुमी गेलाव तर जानार नाय."

"आणि बरं नाही झालं तर?"

"तर सेंटरातच र्‍हाईल. खोटं नाय सांगत."

आजोबांनी मान हलवली. मग माझ्या फॉर्मवर बोट ठेवून म्हणाले, शेऱ्यात लिहा, त्याला डावीकडून दिलेलं आवडतं, उजवीकडून दिलं तर तोंड फिरवतं. ही माहिती माळावर कुणाच्याही उपयोगाची नव्हती. बाकी सगळे फॉर्म वनखात्यासाठी इंग्रजीत होते. मी ही ओळ मराठीत लिहिली, स्वच्छ अक्षरात, खाली रेघ मारून. प्रमुखांनी कागद वाचला आणि तसाच पुढे दिला.

ते कसं आहे, हे आम्हाला अजून कळलेलं नाही. कदाचित कधीच कळणार नाही. तुम्हाला न विचारता दिलं याचा राग येईल. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात, आणि मी तुमचं ऐकलं असतं, म्हणून विचारलं नाही. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, मला सवय आहे. आजोबांना काही बोलू नका. त्यांना एवढंच विचारा की त्या सकाळी ते कसं चाललं. ते सांगतील, आणि भरपूर लांबवतील. मध्येच उठून जाऊ नका.