हीटरच्या जाळीपुढं धरलेले पाय

बाळ दीड महिन्याचं होतं, दिवस भरायच्या आधी झालेलं, आन् डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं का याले गार लागू देऊ नका. म्हणून पारशिवनीहून नागपूरले निघताना मी बाळाच्या बाबाले तीनदा इचारलं, "गाडीचा हीटर चालते ना हो?"

"चालते वं, बस तू."

बटन लालवर होतं, पंखा जोरात होता, पण हवा गारच. "इंजिन तापू दे," थे म्हणे. कामठी गेली तरी गारच, आन् मी आपली बाळाचे पाय जाळीपुढं धरून बसली, आता येईन गरम, आता येईन.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं बाळाले हात लावला आन् माह्यावरच ओरडली, "एवढं गार कसं पडलं लेकरू? आई आहेस ना तू?" थे बाजूलेच उभे होते.

मंग मनीषनगरच्या मिस्त्रीकडं गेलो. त्यानं बोनट उघडलं आन् हासला. "भाऊ, हीटरचा पाइप तं उन्हाळ्यात तुम्हीच बंद करून घेतला ना, एसी जास्त थंड व्हावा म्हणून? थंडीत खोलून घ्या म्हणलं होतं मी."

मी यांच्याकडं पाह्यलं. "तुमाले मालूम होतं?"

"अवं, मले वाटलं थोडं तरी गरम येईन."

मिस्त्रीनं पाइप पुन्हा चालू केला. गरम हवा आली. "पाह्य, आली ना? धर आता त्याचे पाय," थे म्हणे.

मी नाही धरले. घरापर्यंत जाळीपुढं माहाच हात ठेवला, आन् बाळ पदराखाली.