फाटकातलं रडणं

आमच्या घराण्यात मोठ्यानं रडायची पद्धत नाही. माणूस गेलं की आम्ही कुणाकुणाला कळवायचं याची यादी करतो आणि मग चहा टाकतो. माझे यजमान पुण्याला मुलाच्या घरी वारले, तेव्हाही मी यादीच केली. चार महिने तिथे काढून चैत्रात यवतमाळला परतले, तर जो तो म्हणाला, किती धीराची बाई! मला ते आवडलं, हे कबूल करते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती आली.

ती म्हणजे आमची सीताफळवाली. नेरच्या रस्त्याला एका तांड्यावर राहणारी बंजारा बाई, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. दहा वर्षांपूर्वी मी सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आणि त्याच दिवाळीच्या सुमारास ती टोपलं घेऊन आमच्या फाटकाशी बसू लागली. पहिल्याच दिवशी मी फळं दाबून बघत होते, तर तिनं माझ्या हातावर चापट मारली. "दाबू नका मॅडम. मीच देतो निवडून." तीस-पस्तीस वर्षं माझ्या टेबलासमोर लोक हात जोडून उभे राहिले होते, चापट कोणी मारली नव्हती. मला चक्क हसू आलं.

पुढे हंगाम संपला तरी ती येत राहिली. कधी बोरं, कधी तुरीच्या शेंगा, कधी रिकाम्या हातानं. पायरीवर बसून आम्ही चहा प्यायचो आणि आपापल्या सुनांना नावं ठेवायचो. त्या कामात जात आड येत नाही. यजमानांसाठी ती पिकलेलं सीताफळ वेगळं काढून आणायची, "हे साहेबाले." त्यांना साखरेचा आजार, म्हणून मी ते त्यांच्या हाती लागू द्यायचे नाही. ती मोठी असून मी तिला 'अगंतुगं' करायचे आणि ती मला मॅडम म्हणायची. दहा वर्षांत ती पायरी ओलांडून आत आली नाही. मीही कधी 'आत ये' म्हटलं नाही. तेव्हा ते खटकलं नाही, आता खटकतं.

तर त्या सकाळी मी फाटक उघडलं आणि तिनं मला मिठीच मारली. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून मोठमोठ्यानं रडायला लागली. सूर लावून, लांबवत, आणि मधेच तिच्या बोलीत, 'मारी याडी ये', माझे आई गं! समोरच्या गॅलरीत दोन डोकी उगवली. शेजारी स्कूटर पुसत होते, ते थांबले. मी अगदी कानकोंडी झाले. वाटलं, हिच्या तांड्यावर काही बरंवाईट झालं. मी तिचे हात सोडवले आणि कचेरीतल्या आवाजात म्हटलं, "अगं, गप्प हो आधी. कोण गेलं?"

ती थांबली.

"तुमचे साहेब गेले नं, मॅडम," ती म्हणाली. पदरानं तोंड पुसलं आणि चालू लागली. टोपलं सोबत नव्हतंच. म्हणजे एसटीनं इतक्या दूर ती फक्त रडायला आली होती.

आमचा दूधवाला तिच्याच तांड्यावरचा. त्याला विचारलं. "आमच्याइथं दुःखाच्या घरी असंच भेटतात, गळ्यात पडून," तो म्हणाला. "दोघींनं रडायचं असते. तुम्ही तिले दूर कायले लोटलं?"

मी दुधाचं पातेलं पुढे केलं.

त्या दिवाळीला ती आली नाही. सीताफळं मी बाजारातून आणली, चांगली दाबून दाबून. निम्मी किडकी निघाली. मला तिची आठवण यायची, कधीकधी यजमानांपेक्षाही जास्त. लिहिताना लाज वाटते, पण ते खरं आहे.

शेवटी एक दिवस मीच एसटीत बसले. वाटेत माफीची वाक्यं जुळवली, कार्यालयीन टिपणासारखी, मुद्देसूद. ती दारात बसून तुरी निवडत होती. "या मॅडम, बसा," म्हणाली आणि प्लास्टिकची खुर्ची पुढे केली. तलाठ्याला करावी तशी. ते मला फार लागलं.

मी खुर्चीवर बसले नाही. वाकून तिच्या गळ्यात हात घातले, तिनं केलं होतं तसं खांद्यावर डोकं टेकवलं. रडू काही येईना. अडुसष्ट वर्षं घोटून बसवलेला गळा. पण तिनं माझे हात सोडवले नाहीत. हळूच तिनंच सूर धरला. मला सूर कुठला यायला! मी आपली बोलायला लागले, "त्यांना तुझं सीताफळ हवं होतं गं. शेवटच्या आठवड्यात रोज मागत होते. मी दिलं नाही. साखर वाढेल म्हणून नाही दिलं."

आणि मग मी रडले. भर तांड्यात, मोठ्यानं, बेसूर. बाया दारादारांतून आल्या आणि आमच्याभोवती बसल्या.

बऱ्याच वेळानं तिनं पदरानं आधी माझं तोंड पुसलं, मग स्वतःचं.

"आता गेले साहेब," ती म्हणाली. "चाल, आत चाल."