गाठ मारलेलं पुस्तक

आमच्या घरी संविधानाचं पुस्तक होतं, पण ते कुणी वाचायचं नाही. गोंडपिपरीला मामाकडे शिकत असताना निबंध स्पर्धेत ते मला बक्षीस मिळालं. मी ते घरी आणलं त्याच दिवशी मायनं ते पांढऱ्या कापडात गुंडाळलं, पक्की गाठ मारली आणि बुद्धाच्या मूर्तीशेजारी फळीवर ठेवलं. पुढं दर सव्वीस नोव्हेंबरला त्याला फूल, पौर्णिमेला मेणबत्ती. हात लावायला गेलं की माय विचारायची, "हात धुतले का?"

मी अंगणवाडी सेविका. गावात लग्न असो की संविधान दिन, उद्देशिका म्हणायला मलाच उभं करतात. न बघता, एका दमात म्हणते, आणि त्याचा मला भारी तोरा होता. उद्देशिकेच्या पुढं काय लिहिलंय, ते मात्र ठाऊक नव्हतं. बौद्धाच्या घरात जन्मून! लिहितानाही लाज वाटते.

जंगलातल्या रस्त्यावर उन्हात कुणी पायी दिसलं तर मोटरसायकलवर बसवून घ्यायचं, नाव-गाव विचारायचं नाही, ही गडचिरोलीकडची आमची रीत. काही वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात माझ्या मोठ्या भावानं, दादानं, तेच केलं. एका अनोळखी माणसाला त्यानं नाक्यापर्यंत सोडलं. पुढच्या सोमवारी आठवडी बाजारात साध्या कपड्यातले दोन पोलीस आले आणि त्या माणसाबद्दल थोडी विचारपूस आहे म्हणून त्याला जीपमध्ये घालून घेऊन गेले. तो माणूस कोण होता, हे दादाला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही.

मंगळवारी सकाळी मी नि माय डबा घेऊन ठाण्यावर गेलो. फाटकावरचा शिपाई म्हणाला, "इथी नाई तो. घरी जा, येईन." पण पायरीशी दादाच्या चपला पडल्या होत्या. एकीचा अंगठा मायनं स्वतः दाभणानं शिवला होता. तिनं त्या दाखवल्या, तरी शिपाई नाहीच म्हणत राहिला.

बुधवारीही तेच. घरी आल्यावर मायनं मला विचारलं, "तू त एवढं म्हनते लोकायसमोर. त्याच्यात आपल्यासाठी काईच लिवलं नाई का?"

ती उठली, फळीवरून पुस्तक काढलं. गाठ सुटेना, इतक्या वर्षांचं मेण सांडून ती दगड झाली होती. मायनं विळा घेतला आणि ज्या कापडाला ती आम्हाला हात लावू देत नव्हती, ते टरकन फाडलं. "वाच," म्हणाली.

हात धुवायचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. पानं एकमेकांना चिकटली होती. बाविसाव्या अनुच्छेदापर्यंत पोचायला अर्धी दुपार गेली. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत न्यायाधीशासमोर उभं करायचं, त्याला वकील नाकारायचा नाही. मी मोठ्यानं वाचलं. माय बोटं मोजत होती. सोमवार, मंगळवार, बुधवार.

गुरुवारी आम्ही तालुक्याच्या कोर्टात गेलो. सरकारतर्फे फुकट मिळणारी वकीलबाई माझ्याहूनही लहान होती. माय तिच्यासमोर पुस्तक उघडून धरू लागली. ती हसली नाही. म्हणाली, "माय, हे मले पाठ आहे. तुमी फक्त सांगा, पोराले कोनं नेलं, कवा नेलं." तिनं अर्ज लिहिला. न्यायाधीशांनी दुपारपर्यंत ठाण्याकडून उत्तर मागवलं. आणि तीन दिवस जो ठाण्यात नव्हताच, तो दादा चार वाजता कोर्टात हजर! कागदावर अटक मात्र त्याच सकाळची.

न्यायाधीशांनी कागद बाजूला ठेवला आणि दादालाच विचारलं, "तुम्हाला कधी आणलं?"

बाजारातून नेणारे ते दोघं पोलीस त्याच्या शेजारीच उभे होते. आज सकाळी आणलं म्हणून सांग, असं त्याला बजावलेलं होतं. खरं बोलला आणि सुटला नाही, तर परत त्यांच्याच हाती. त्यानं मायकडे पाहिलं. माय पुस्तक छातीशी धरून उभी होती.

"सोमवारी, साहेब. बाजारातून."

साहेबांनी ते लिहून घेतलं. दादाविरुद्ध काहीच नव्हतं, म्हणून त्याला सोडून दिलं. संध्याकाळी तो आमच्यासोबत एसटीनं घरी आला, अनवाणी. चपला मागायला पुन्हा ठाण्यात कोण जाणार?

आता लोक म्हणतात, संविधान कागदावरच राहिलं. मी भांडत नाही. शेजारच्या गावचा एक माणूस असाच नेला होता, आणि जायचं कुणाकडे हे त्याच्या घरच्यांना कळेपर्यंत कित्येक महिने गेले. पण कुण्या मोठ्याची ओळख नसलेल्या माझ्या भावाला खुर्चीतल्या माणसानं 'तुम्हाला' म्हणून विचारलं, आणि त्याचं उत्तर ऐकून घेतलं. त्या वकीलबाईनं तर आमच्याकडून चहासुद्धा घेतला नाही. या दोघांची, आणि ज्यांनी ते कलम लिहून ठेवलं त्यांची, मी जन्मभर ऋणी आहे.

फाटलेलं कापड मायनं पुन्हा शिवलं नाही. पुस्तक आता खाटेवरच असतं, कडांना हळदीचे डाग पडलेत. तिला अक्षरओळख नाही, म्हणून त्या बाविसाव्या अनुच्छेदाच्या पानात तिनं मोहाचं पान घालून ठेवलंय. गावातल्या बायका काही विचारायला आल्या की तेच उघडते, मग प्रश्न कसलाही असो.

दादा अजूनही रस्त्यात दिसेल त्याला गाडीवर बसवून घेतो, म्हणून त्याला घरी यायला कधी कधी दिवेलागण होते. तेव्हा माय ते पान उघडून पुस्तक मांडीवर घेते आणि दारात बसून राहते. त्याच्या मोटरसायकलचा आवाज आला की पुस्तक मिटते, आणि भात वाढायला उठते.