बाबांची शेवटची बस आणि माझं कनेक्शन

माझ्या सासऱ्यांचं पानिपत मी केलं.

तेही घरबसल्या, फरीदाबादेत, पाठीला उशी लावून, हातात चहाचा कप धरून. इतक्या आरामात कुणी कुणाचा पराभव केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आधी माझी लायकी सांगते, म्हणजे मी किती उंचावरून आपटले ते कळेल. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेलं पहिलं माणूस मी. माझे वडील, अण्णा, भुसावळला धान्याच्या गोदामात पोती वाहायचे. माझ्या लग्नात इतरांनी रुखवतात साखरेची तुळस आणि लोकरीचे ससे मांडले, तर अण्णांनी मधोमध माझं बी.एस्सी. कॉम्प्युटरचं प्रमाणपत्र सोनेरी फ्रेममध्ये उभं केलं! वरपक्षातली एक म्हातारी देवाची तसबीर समजून त्याला हळदकुंकू लावून गेली. ती फ्रेम, कुंकवाच्या बोटासकट, आज आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर आहे. मी काढू दिलेली नाही.

तर अशा घरात कॉम्प्युटर बिघडला की दुकानदाराला कोण बोलावणार?

बाबा, म्हणजे माझे सासरे, इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. दर संक्रांतीला ते मंडळाची बस घेऊन पानिपतला, काला अंबला जायचे. मराठे जिथे पडले तिथे उभं राहायचं, नमस्कार करायचा, तिळगूळ वाटायचा, परत यायचं. एके काळी बसमध्ये उभं राहायला जागा नसायची. मग माणसं निवृत्त होऊन पुण्याला गेली, मुलं परदेशी गेली, काही फारच लांब गेली. बसची मिनीबस झाली. मागच्या वर्षी तर मागच्या सीटांवर तिळगुळाचे डबेच बसून आले.

त्यात या हिवाळ्यात डॉक्टरांनी बाबांची छाती तपासून सांगितलं, "फेफडे बचाने हैं तो दिल्ली छोड़िए." नणंद पुण्याला. तिने खोली रिकामी करून ठेवली. बाबा दोन दिवस नाहीच म्हणत राहिले. मग म्हणाले,

"ठीक आहे. पण एकदा भरलेली बस काला अंबला नेतो. मोठी बस. मग खुशाल न्या मला कुठे न्यायचं तिथे."

बाहेर हवा राखेसारखी झाली होती, आत बाबांचा खोकला चालू होता. आणि नेमक्या त्याच आठवड्यात जुन्या कॉम्प्युटरने प्राण सोडला.

त्या कॉम्प्युटरवर मंडळाच्या सभासदांची सगळी माहिती होती आणि एका जुन्या सभासदाच्या मुलाने बनवून दिलेला एक प्रोग्रॅम होता. बटण दाबलं की प्रत्येकाच्या फोनवर निमंत्रण जायचं. माझा नवरा नितीन याने (जन्म फरीदाबादचा, मराठी निम्मी) जुन्या मशीनमधून सगळं काढून नव्या डेस्कटॉपवर टाकलं. प्रोग्रॅम उघडला. माहिती मात्र दिसेना.

"यार, मेकॅनिक बोलवूया," नितीन म्हणाला.

मी नुसतं टीव्हीच्या वर बघितलं.

"अच्छा अच्छा, तूच कर."

"झालंय काय पण?" आईंनी विचारलं. आई म्हणजे सासूबाई.

"आई, प्रोग्रॅमला माहितीची भाषा कळत नाहीये. मध्ये दुभाषा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तुम्हाला भाजीवाल्याशी हिंदीत भांडता येत नाही, म्हणून तुम्ही बाबांना पुढे करता ना? तसं."

"म्हणजे मी ड्रायव्हर?" बाबा वाफेच्या भांड्यातून डोकं काढून म्हणाले.

"फारसा चांगला नाही," आई म्हणाल्या. "कालची कोथिंबीर महागच पडली."

मी ड्रायव्हर बसवला. मशीन म्हणालं, ड्रायव्हर सापडत नाही. दुसऱ्यांदा बसवला. तेच. मग लक्षात आलं, की प्रोग्रॅम जुना, बत्तीस बिटचा, आणि मी बसवलेला ड्रायव्हर चौसष्टचा. बरं, हे जोडण्याच्या खिडक्या मशीनमध्ये दोन. दिसायला सारख्या. त्यातली चौसष्टची ज्या फोल्डरमध्ये असते त्याच्या नावात बत्तीस लिहिलेलं, आणि बत्तीसची असते चौसष्टवाल्यात! ही व्यवस्था करणाऱ्या माणसानेच आमच्या फरीदाबादच्या सेक्टरांना नंबर दिले असावेत.

"काय म्हणतंय आता?" आई.

"बत्तीसचं चौसष्टशी जुळत नाही म्हणतंय."

"बत्तीस गुण जुळले की लोक पेढे वाटतात! तुमचं काय हे भलतंच?"

हे रोज चाललं. ऑफिसमधून गुरुग्रामहून यायचं, तोंडावरचा मास्क काढायचा आणि मशीनसमोर बसायचं. बाबा दारातून डोकावायचे. विचारायचे काही नाहीत, नुसते खोकायचे. त्या खोकल्याचा अर्थ, 'सूनबाई, संक्रांत आली' असा होता, हे कळायला पदवी लागत नाही.

अखेर संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी बत्तीसचा ड्रायव्हर बत्तीसच्या जागी बसला. आता फक्त कोणती फाइल जोडायची ते दाखवायचं होतं. आणि इथे माझी सगळी विद्या पणाला लागली.

फाइली होत्या दोन. बाबांचा नेम असा, की कुठल्याही कामाचा आरंभ 'श्री' लिहून करायचा. त्यामुळे एका फाइलीचं नाव 'श्री' आणि दुसरीचं 'श्री श्री'. उघडून बघाव्यात तर नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली. नव्या मशीनवर प्रत्येक सभासद म्हणजे प्रश्नचिन्हं, उलटे स्वल्पविराम आणि एखादा डॉलर! वाचता येत होते ते फक्त फोन नंबर.

बाबा पलीकडच्या खोलीत वाफ घेत होते. हाक मारली असती तर उत्तर मिळालं असतं. पण विचारूनच करायचं तर फ्रेम कशाला?

मी ऑफिसात करते तेच केलं. शेवटची कोणती फाइल वापरली गेली ते पाहिलं. 'श्री श्री' गणपतीनंतर कुणी उघडलेलीच नव्हती. 'श्री' मात्र जुनं मशीन बंद पडलं त्या संध्याकाळपर्यंत वापरात! म्हणजे चालू फाइल हीच. 'श्री' निवडली. 'टेस्ट' दाबलं.

कनेक्शन सक्सेसफुल!

मी ओरडले. बाबा धावत आले (म्हणजे भिंत धरत आले) आणि त्यांनी स्वतः निमंत्रण सांगितलं, मी टाइप केलं: 'सप्रेम नमस्कार. उद्या सकाळी सहकुटुंब काला अंबला यावे. बस, भोजन यांची सोय आहे. माझी ही शेवटची खेप. तुमची जागा राखून ठेवली आहे. आलात तर बरं वाटेल.' शेवटचं वाक्य मी काढा म्हटलं. ते राहू दे म्हणाले.

बटण दाबलं. सगळी निमंत्रणं गेली. मी भुसावळला फोन लावला.

"अण्णा, जमलं!"

"जमणारच," अण्णा म्हणाले. "फ्रेम काय उगाच केली?"

पहिला फोन आला तो गाझियाबादहून.

"नमस्कार जी, मैं त्यागी बोल रहा हूँ. ये बस कितने बजे निकलेगी?"

बाबांनी फोनवर हात ठेवला. "त्यागी? आपल्यात त्यागी कोण?"

"भाईसाहब, ये नंबर तो मैंने पिछले साल ही लिया है," त्यागीजी सांगत होते. "मराठी नहीं आती, पर सहकुटुंब, बस, भोजन, इतना समझ आ गया. हम सब आ रहे हैं. माताजी भी."

बाबांना नाही म्हणता आलं नाही. मी म्हटलं, एखादा नंबर बदलला असेल. होतं असं.

दुसरा फोन एका मुलीचा. बाबांनी स्पीकर लावला.

"अंकल, मैं पाटणकरांची मुलगी. पापा के फोन पे आपका मेसेज आया." मग थोडं थांबून ती मराठीत म्हणाली, "पापा दिवाळीत गेले. त्यांची सीट दुसऱ्या कुणाला द्या, प्लीज."

बाबा सोफ्यावर बसले.

"मला कुणी कळवलं नाही," एवढंच म्हणाले. मग एकदम वर बघून, "पण पाटणकरला निमंत्रण गेलं कसं? तो तर खरेबरोबर मंडळ सोडून गेला होता!"

मी परत मशीनकडे धावले.

खरे काका म्हणजे बाबांचे एकेकाळचे जिवलग. मुलांना मराठी समजत नाही तर गणपतीतलं त्यांचं नाटक हिंदीत करू, असं ते म्हणाले. बाबा म्हणाले, मंडळ मराठी आहे, हिंदीत करायचं तर रामलीलेत जा. खरे खरंच गेले! निम्मं मंडळ घेऊन गेले आणि वेगळं मंडळ काढलं. मी सून म्हणून यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा बाबांनी ती फाइल बंद करून उरलेल्यांची नवी सुरू केली. जुनी 'श्री'. नवी 'श्री श्री'.

"पण जुनी फाइल मशीन बंद पडेपर्यंत कुणीतरी वापरत होतं!" मी रडकुंडीला आले.

आईंनी कपाळाला हात लावला. "अगं, हेच! जुन्या मशीनवर रोज संध्याकाळी ती उघडून बसायचे आणि सोडून गेलेल्यांना एकेक करून शिव्या घालायचे. तुला काय वाटलं, मंडळाचं काम करायचे?"

बाबा खिडकीकडे बघत होते. खिडकीतून काहीही दिसत नव्हतं.

आता चालू सभासदांना फोन करायचे. आईंनी केले. दिल्लीत कितीही वर्षं काढली तरी मराठी माणूस निमंत्रणाच्या बाबतीत मराठीच राहतो, हे मला त्या दुपारी कळलं.

"आदल्या दिवशी आठवण झाली वाटतं?"

"खरे मंडळींना लेखी, आणि आम्हाला तोंडी?" (बातमी पोचलीसुद्धा होती!)

"नाही हो, राग कसला. आमच्याकडे पाहुणे आहेत."

फरीदाबादच्या यच्चयावत मराठी घरांत त्या दिवशी पाहुणे होते.

संक्रांतीच्या सकाळी मोठी बस गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. धुकं इतकं, की बस आलीय हे हॉर्नवरून कळलं. बाबा मफलर, टोपी, मास्क घालून पुढे उभे. मी मागे, तिळगुळाचा डबा पोटाशी धरून. मनात एकच, की रिकाम्या बसचा हा माणूस काय करेल?

धुक्यातून आधी त्यागीजी आले. माताजी, बायको, मेहुणे, पुऱ्यांचा डबा. आणि त्यांच्या मागून, कानटोपी घातलेले, वाकलेले एक गृहस्थ आणि त्यांच्यामागे माणसंच माणसं.

"दिनू," ते गृहस्थ, म्हणजे खरे काका, बाबांना म्हणाले, "शेवटची खेप म्हणालास. म्हणून आलो. नाहीतर आलो नसतो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी डब्याकडे पाहिलं. चूक सांगितली असती तर बस तिथेच रिकामी झाली असती.

"जागा राखून ठेवलीय म्हटलं होतं ना," बाबा म्हणाले. "बस."

बस भरली. इतकी भरली, की नितीन आणि मी पानिपतपर्यंत उभे!

काला अंबला धुक्यात स्मारक दिसेना. "इथेच असणार, दरवर्षी असतं," म्हणत बाबा हात पुढे करून चालत राहिले आणि कुंपणाला धडकले. सगळ्यांनी मग त्याच दिशेला नमस्कार केला. पाटणकरांसाठी थोडा वेळ गप्प उभे राहिलो. खरे काकांचे डोळे लाल होते. ते म्हणाले हवा खराब आहे.

मग बाबा बोलायला उभे राहिले. "बंधुभगिनींनो, आज आपण इथे—"

"भाईसाहब," त्यागीजींनी हात वर केला, "माताजी को समझ नहीं आ रहा. ज़रा हिंदी में बता देते."

खरे काका पायाखालच्या मातीकडे बघू लागले. बाबांना खोकल्याची मोठी उबळ आली. ती ओसरल्यावर ते हळू आवाजात म्हणाले,

"माताजी, यहाँ हमारे लोग लड़ते लड़ते गिरे थे. आपस में भी कम नहीं लड़ते थे."

माताजींनी पदराने डोळे पुसले. आणि खरे काका? ते म्हणाले, "हेच त्या वेळी केलं असतंस तर, दिनू!" झालं! तिथून जे जुंपलं, ते पार फरीदाबाद येईपर्यंत. उतरताना दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. पण बस भरलेली होती. ते बाबांनी आईंना घरात शिरता शिरता सांगितलं, आणि मग स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून पुन्हा एकदा सांगितलं.

पुढच्याच महिन्यात बाबा पुण्याला गेले. हवा तिकडे बरी आहे, खोकला कमी आहे, आणि शिव्या घालायला माणसं नाहीत म्हणून करमत नाही, असा त्यांचा फोन असतो. घर फार शांत झालंय. मी कधीतरी उगाच ती 'श्री' उघडते. प्रश्नचिन्हं आणि डॉलर बघते आणि बंद करते.

इकडे ज्यांच्याकडे त्या दिवशी पाहुणे होते, त्या सगळ्यांनी रागाने मंडळ सोडलं आणि आपलं तिसरं मंडळ काढलं. अण्णांचा फोन आला की ते अजून विचारतात, "त्या मंडळाचं काम नीट चाललंय ना, पोरी?"

"चाललंय की अण्णा. एकाची तीन झाली."

"वा!" अण्णा म्हणतात. "बघ, शिकलेलं माणूस घरात असलं की असं होतं."

खरंच आहे. बाबांना मंडळ फोडायला अख्खं भांडण करावं लागलं होतं. मी नुसतं बटण दाबलं.