आईचं साक्षगंध

कापसानं सगळ्यांना रडवलेली ती वर्षं. राळेगाव तालुक्यातल्या खेड्यांत आजारी म्हाताऱ्यांना घरी जाऊन बघणाऱ्या एका लहानशा संस्थेत मी होते. शेवटच्या दिवसांत काय हवं, काय नको, हे त्यांना विचारून नोंदवायचं, हे माझं काम. पुण्याहून मी डिझाइन थिंकिंग शिकून आले होते: आधी माणूस समजून घ्या, काहीतरी कच्चं बनवा, वापरून बघा, नाही जमलं तर खुशाल फेका. मी चित्रांची कार्डं बनवली. घरची खाट, दवाखाना, नाकातली नळी. एकेकाला एकांतात गाठून ती दाखवायची. म्हातारी माणसं कौतुकानं बघत, चहा पाजत आणि ‘पोरं पाहतीन’ म्हणून मोकळी होत.

शेवटी आईलाच गाठलं. तिचं हृदय थकलं होतं आणि ते तिला ठाऊक होतं.

"पत्ते खेळाले आणले काय वो?" तिनं कार्डं पिसली, खाटेचं तेवढं उचललं. "मले नागपूरच्या मशीनवर टाकायचं नाही. पण तुले एकटीले सांगून काय उपेग? तुहा मामा येईन, पोरीनं पैसा वाचवला म्हणून गावभर बोंबलन. मंग तू लगेच गाडी बोलावशीन."

मला राग आला, कारण ते खरं होतं.

"मंग काय करू?"

"साक्षगंध कर. माहं."

लग्न ठरलं की आमच्याकडे साक्षगंध होतं. नातेवाइकांसमोर शब्द दिला की कुणाला मागं फिरता येत नाही. मरणासाठी ते करायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्या तर नाहीच. एका रविवारी आम्ही नातेवाइकांना पोहे-तर्रीला बोलावलं. आई निळ्या काठाची पांढरी साडी नेसून नवरीसारखी मधोमध बसली आणि तिनं सगळं खणखणीत सांगितलं. घरीच राहीन. नळ्या नको. मी जाताना बुद्धाचं त्रिशरण मोठ्यानं म्हणा, तोंडातल्या तोंडात नाही. मामा सगळ्यांत जास्त भांडला. शेवटी आईनं त्याच्या हातावर पेढा ठेवला, आणि तो त्यानं रडत खाल्ला. मला हसूही येत होतं आणि आईवर इतकं प्रेम दाटून आलं की पाणी प्यायच्या निमित्तानं मी आत गेले.

पुढं कामावरही मी म्हाताऱ्यांना एकेकटं गाठायचं सोडून घरोघरी नातेवाइकांनाच जमवू लागले.

उन्हाळ्यात आईचा श्वास अडकू लागला. साक्षगंधाच्या रविवारी येऊ न शकलेली उमरखेडची मावशी दारातूनच ओरडली, "नागपूरले काहून नाही नेलं तिले?" माझा धीर सुटला. मी फोन उचलला.

मामानं तो माझ्या हातातून काढून घेतला. "मी होतो साक्षीले," तो मावशीला म्हणाला. "आपली बाई कुठीच जात नाही. तुले तिच्यापाशी बसायचं असन तं बस."

मावशी खाटेवर बसली आणि तिनं आईचे पाय मांडीवर घेतले.